गरम रबराचा आकडा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात मी रबर तपासायचो. शिकाऊ वैमानिकांच्या दोन आसनी विमानांसाठी आम्ही रबरी गुटके बनवायचो. इंजिन त्यांच्यावर बसतं. त्याची थरथर गुटक्याने गिळायची, सांगाड्यापर्यंत जाऊ द्यायची नाही. रबर कडक झालं, की गुटका गिळत नाही, पुढे ढकलतो.

रबरात काजळी, गंधक मळायचं काम बुवापाड्याच्या एका काकांचं. तयार माल किती कडक, ती मोजणी माझी. साच्यातून काढलेला माल एक दिवस थंड होऊ द्यायचा, मग मोजायचा, हा नियम.

त्या दिवशी काकांनी गुटका अंगठ्याने दाबून पाहिला. "गंधकाची गोणी नवीन आहे. माल कडक वाटतोय. गरम रबर खोटं बोलतं रे, उद्या नीट मोज."

"तुमचा अंगठा काय मीटर आहे, काका?"

"मीटरला अंगठा नसतो, डिप्लोमावाल्या!"

दुसऱ्या दिवशी मला लवकर निघायचं होतं, कात्रपला मुलगी बघायला. म्हणून त्याच संध्याकाळी, काका घरी गेल्यावर, मी गुटके गरमच मोजले. गरम रबर मऊ लागतं, आकडा बरोबर आला. रजिस्टरात उद्याची तारीख टाकली. ती मुलगी आज माझी बायको आहे. तिलाही हे सांगितलेलं नाही.

महिन्याभरात माल परत आला. विमानातली वेग-उंची दाखवणारी घड्याळं थरथरत होती, शिकणाऱ्यांच्या हातांना मुंग्या येत होत्या. वेळीच विमान उभं केलं म्हणून निभावलं.

शेठनी दोघांना बोलावलं. "थंड मोजलास ना?"

"हो."

"तेव्हा बरोबर, आता कडक? म्हणजे मिश्रणातच खोट."

काका म्हणाले, "मी याला बोललो होतो, शेठ." त्याच आठवड्यात काकांना काढलं.

चार-पाच वर्षांनी ते उल्हासनगरला भेटले. चपलांच्या कारखान्यात सोल कापत होते. मळायच्या यंत्राजवळ त्यांना कुणी उभं करत नव्हतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "अजून डोक्यातून जात नाही. तू थंड मोजलास, तेव्हा बरोबर होता. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार. काय चुकलं असेल रे?"

सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच.

"वय झालं काका, होतं असं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना.