आईकडून माझ्याकडे आलेला विषाणू

"एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय," उमरग्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मला पाचवा महिना होता. मी आधी विचारलं, बाळ बरं आहे ना. बाळ बरं होतं. हिपॅटायटिस बी, म्हणजे बी प्रकारच्या काविळीचा विषाणू, माझ्या रक्तात होता.

ना ताप, ना डोळे पिवळे. दिवसभर शिलाई मशीनवर बसत होते. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "एका ताटात जेवलं तर आमाला व्हतंय का?" डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. जेवणातून, पाण्यातून, शिवल्यानं हा पसरत नाही. रक्तातून, वापरलेल्या सुईतून, नवरा-बायकोच्या संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि घरी आल्यावर माझं ताट आपल्या शेजारीच वाढलं.

मला मात्र समजून घ्यायचं होतं. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. विषाणूला तोंड नाही, पोट नाही. एकट्यानं त्याला वाढताही येत नाही. वर एक आवरण, आत स्वतःच्या प्रती कशा करायच्या याचा मजकूर, एवढाच त्याचा संसार. रक्तातून तो अंगभर फिरतो, पण शिरतो यकृताच्या पेशीतच. त्या पेशीवर पित्ताचे क्षार आत घेणारं एक प्रथिन असतं, नेमकं त्यालाच तो चिकटतो. मग त्याचा मजकूर पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतो. पेशीला तो आपलाच वाटतो, आणि ती बिचारी इमानानं नवे विषाणू तयार करत राहते.

"तो यकृत खातो का?" मी विचारलं.

"नाही. आपलंच शरीर त्याला हुडकत पेशींवर हल्ला करतं, नुकसान त्यातून होतं. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा त्याला हाकलून लावतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ते जमत नाही. म्हणून त्याच्यात तो जन्मभर राहतो."

माझ्यात तो बहुधा तसाच आला असावा, असं त्या म्हणाल्या. घरच्यांच्या तपासण्या झाल्या. नवऱ्याचं हायवेला टायरचं दुकान आहे. तो निगेटिव्ह निघाला, त्याला लस दिली. मग माहेरहून अव्वाला, माझ्या आईला, बोलावलं. आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला, तिथं आईला अव्वाच म्हणतात. तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

अव्वा बाकावर पदर आवळून बसली. "म्याच दिलं व्हय गं तुला?"

डॉक्टरबाई उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. "तुम्ही दिलं नाही, मावशी. ते तुमच्यातून गेलं. तेव्हा ही तपासणी तुमच्या गावापर्यंत आली नव्हती. आता आलीय, तर नातवंडाला वाचवू."

माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत याची मोजणी, बराच जास्त निघाला. शेवटच्या महिन्यांत रोज एक गोळी सुरू झाली. केंद्रकात बसलेला मजकूर तिनं पुसला जात नाही, पण प्रती काढणं थांबतं.

बाळासाठी दोन इंजेक्शनं ठरली होती. एक लस. दुसरं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती विषाणूच्या आवरणाला जाऊन चिकटतात, मग त्याला पेशीला चिकटता येत नाही. जन्मानंतर बारा तासांच्या आत दोन्ही द्यायची होती. लस दवाखान्यात होतीच. इम्युनोग्लोब्युलिन सोलापूरहून मागवलं होतं, आणि ते येण्याआधीच मला कळा सुरू झाल्या.

सकाळी मुलगी झाली. सिस्टरनं तिला पुसलं आणि लगेच मांडीत लस दिली. नवरा इंजेक्शन आणायला सोलापूरला निघून गेला होता. मी दाराकडं बघत पडून होते. नळदुर्गाजवळ ट्रक अडकलेत, असा त्याचा फोन आला. अव्वा माझे पाय चेपत राहिली. दुपार कलली तेव्हा तो बर्फाचा डबा छातीशी धरून आत आला. सिस्टरनं दुसऱ्या मांडीत इंजेक्शन दिलं. मुलगी जोरात रडली, आणि अव्वाही.

दूध पाजायला हरकत नाही, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. तरी पहिल्यांदा पाजताना मी सिस्टरला पुन्हा विचारून घेतलं. लसीचे पुढचे डोस वेळेवर दिले. मला सगळ्यात नवल त्या लसीचं वाटतं. तिच्यात विषाणूचं नुसतं आवरण असतं, आत मजकूर नसतो. माझ्या रिपोर्टात एचबीएसएजी या नावानं जे आवरण सापडलं म्हणून आम्ही हादरलो, तेच लेकीच्या अंगाला दाखवून तिला शत्रू ओळखायला शिकवलं. ज्या कुणा माणसांना हे सुचलं असेल, त्यांना माझा नमस्कार.

पहिल्या वाढदिवसानंतर तिचं रक्त तपासलं. एचबीएसएजी निगेटिव्ह. प्रतिपिंडं भरपूर. मी रिपोर्ट अव्वाला वाचून दाखवला. तिनं नातीला मांडीवर ओढून घेतलं. "म्हणजी ते हितंच थांबलं," ती म्हणाली.

माझ्यात आणि अव्वात तो आहेच. ठरावीक महिन्यांनी आम्ही दोघी मिळून तपासणीला जातो, येताना बाजार करतो. त्याची भीती गेली, पण त्याला हलकं समजत नाही.

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, तर ही तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर रडून घ्या, मीही रडले. मग डोळे पुसून विचारा, बाळाचं इंजेक्शन कुठं मिळतं.