न आलेल्या भाकरीचं इन्सुलिन

मांडव्याची रो-रो बोट धक्क्यावरून सुटली आणि मला आठवलं, साखरेच्या गोळ्यांची डबी घरी फ्रिजवरच राहिली. इन्सुलिन पंपाचं जास्तीचं सामान, टोपी, दुर्बीणसुद्धा घेतली होती. डबी तेवढी नाही. सुनंदाला हे सांगायची सोय नव्हती, कारण आदल्याच दिवशी मी तिच्यापुढे भाषण ठोकलं होतं, "लग्न झाल्यापासून माझ्यासाठी पर्समध्ये साखर घेऊन हिंडतेस. आता पंप आहे. या सहलीत तू मोकळी."

मला तरुणपणापासून मधुमेह आहे. आता दंडावर सेन्सर आणि कमरेला पंप असतो. सेन्सर साखर मोजतो, पंप त्याप्रमाणे इन्सुलिन आपणच कमी-जास्त सोडतो. जेवणाचं मात्र त्याला आधी सांगावं लागतं, आणि साखर फार खाली गेली तर चटकन काहीतरी गोड तोंडात टाकावं लागतं. माझा आकडा बायकोच्या फोनवरही दिसतो. तो आज बघणार नाही, असं मी तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

समुद्र शहाण्यासारखा वागला. अलिबागेत चहा घेऊन रिक्षाने रेवदंड्याला पोचलो, तेव्हा कडकडून भूक लागली होती. खाडीच्या तोंडाशी होड्या लागलेल्या, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. जवळच एका मावशींची घरगुती खानावळ होती. सुरमई, तांदळाची भाकरी आणि भात सांगितला.

"तुम्ही बसा, मी होड्या बघून येते," म्हणत सुनंदा एकटीच निघाली. पदर वाऱ्यावर सोडून, मागे वळून न बघता. अशी निवांत चालताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी ऐटीत दोन भाकऱ्या आणि भात पंपाला कळवून टाकले. त्याने इमानाने इन्सुलिन सोडलं. मग आत डोकावलो, तर चूल थंड.

"मावशी, किती वेळ?"

"म्हावरं (मासळी) आताशी येतंय बंदरावरनं. ताजं खायला आलाव ना? मंग बसा."

बसलो. काही वेळाने कमरेला पंपाची गुरगुर सुरू झाली. आकडा उतरत होता. पंपाने पुढचं इन्सुलिन थांबवलं, पण दिलेलं परत घेण्याची विद्या त्याच्यापाशी नाही. हात कापायला लागले, मानेवर घाम आला. हाक मारली असती तर सुनंदा धावत आली असती, आणि पुन्हा कधी एकटी होड्या बघायला गेली नसती.

"मावशी, जरा साखर द्या. मला डायबेटिस आहे."

"मंग साखर कशी देऊ? माजे सासरे असंच चोरून खायचे!"

"अहो, माझी साखर खाली चाललीय."

"मंग चांगलाच हाय की!"

वाद घालण्याइतकी साखर अंगात उरली नव्हती. पडवीत टेकलो आणि म्हणालो, "मावशी, पाहुणा उन्हातून दारात आलाय. गूळ-पाणी तरी विचाराल की नाही?"

मावशी एकदम ओशाळल्या. "अगो बाय माजे, ध्यानातच न्हाय आला!" हातातलं काम टाकून त्या गुळाचा हा मोठा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पथ्य वेगळं, पाहुणचार वेगळा. मी अधाशासारखा गूळ खाल्ला. आकडा थबकला, मग हळूच वर वळला.

सुनंदा परतली तेव्हा सुरमई तव्यावर चरचरत होती आणि मी जगातला सर्वांत सुखी माणूस असल्यासारखा बसलो होतो. दुपारी काशीदला ती गुडघाभर पाण्यात उतरली. मी काठावर चपला सांभाळल्या.

घरी पोचलो. मी डबी लपवायच्या आत तिची नजर फ्रिजवर गेली. मग सगळं कबूल केलं. यंत्र कितीही हुशार असलं तरी ते कमरेला बांधलेल्या माणसाची कुवत तीच राहते, हेही मान्य केलं.

"भाकरी ताटात पडल्याशिवाय त्या पंपाला काही सांगत जाऊ नका," ती म्हणाली. "आणि ही डबी मला निघतानाच दिसली होती. दुसरी पर्समध्ये टाकली मी. होड्यांपाशी फोनही बघितला. आकडा पडताना दिसला तशी निम्म्या वाटेवर परत आले होते. तेवढ्यात तो वर वळला. म्हटलं, जमतंय यांना. मग मागे फिरले आणि राहिलेल्या होड्या बघून आले."