मंगळवारच्या अकरा कॅसेट

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्ही मला रेडिओच्या कार्यक्रमाची लिंक पाठवलीत आणि खाली लिहिलंत, "आजी, ही तुझी शेजारीणच ना?" हो, तीच. कार्यक्रम मी पूर्ण ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकला, कारण चिडलेलं असताना माणूस नीट ऐकत नाही. निवेदक सांगतो की या नॉर्वेजियन जॅझ गायिकेने तीन रेकॉर्ड काढल्या, मग लग्न करून ती आयर्लंडला आली आणि तिने गाणं सोडलं. हे खोटं आहे. तुम्ही पुण्यात बसून ते खरं मानाल, म्हणून आज लिहायला बसले.

तिने गाणं सोडलं नव्हतं. कंपनीने तिला सोडलं होतं. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावातली ती मुलगी. आधी प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये गायली, मग ऑस्लोत तीन रेकॉर्ड झाल्या. चौथीच्या वेळी कंपनीतल्या साहेबाने सांगितलं, आवाज जड झालाय, आता नवीन मुलगी घेतोय. तेव्हा तिला चाळीसही पुरी झाली नव्हती. इथे डब्लिनजवळ डून लेरीला आल्यावर ती वर्षानुवर्षं रविवारी दुपारी एका हॉटेलच्या लाउंजमध्ये गायची. तुमच्या मामाकडे सुट्टीला आले होते, तेव्हा मी एकदा गेले होते. लोक तिच्याकडे पाठ करून सूप पीत होते आणि मोठमोठ्याने गप्पा मारत होते. आपल्याकडे सत्तरीच्या गवयाचा आवाज थरथरला तर लोक आणखी पुढे सरकून बसतात.

तुमचे आजोबा गेल्यावर मी मामाकडे कायमची राहायला आले, तेव्हा हॉटेलने तिचा रविवारही बंद केला होता. तिचा नवरा आधीच गेलेला. मग आम्ही दोघींनी मंगळवार ठरवला. मामा सकाळच्या डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, ऑफिसला गेला, की मी भिंतीपलीकडे तिच्या घरी. ती पियानोवर बसायची. जुन्या कॅसेट रेकॉर्डरचं बटण दाबायचं आणि लेबलं लिहायची हे माझं काम. तारीख, गाण्याचे पहिले शब्द आणि पट्टी. लग्नाआधी चार वर्षं गाणं शिकले होते, त्याचा एवढा उपयोग झाला.

पहिल्याच मंगळवारी घोटाळा केला. नॉर्वेजियन मला कळत नाही. पण एका ओळीच्या शेवटी तिने सूर धरला, आता सोडेल असं वाटलं आणि तिने तो सोडलाच नाही, अलगद खाली उतरवला. माझ्या तोंडून "वा" गेलं. चांगलं खणखणीत. ती थांबली. मी कॉन्व्हेंटमधली, कार्यक्रमात खोकायचं नाही हे शिकलेली. ओशाळून म्हटलं, पुसून पुन्हा करू. तिने विचारलं, त्या शब्दाचा अर्थ काय. मी सांगितला.

"इतकी वर्षं लोक गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतायत," ती म्हणाली. "त्यातून कुठली जागा आवडली ते कळत नाही. पुसू नकोस. आणि पुढच्या मंगळवारी उगाच म्हणालीस, तर मला समजेल."

त्यानंतर मी जपून दाद द्यायची. एखाद्या मंगळवारी एकही "वा" मिळाला नाही, की कॉफीचा कप माझ्यासमोर जरा आदळायचा. अशा अकरा कॅसेट झाल्या. आवाज दोन पट्ट्या खाली आलेला, कडांना खरखरीत, आणि तिन्ही रेकॉर्डमध्ये मिळून नाही इतकं गाणं त्यात होतं.

हिवाळ्यात ती हॉस्पिटलात गेली, ती परत आली नाही. घर आवरायला ऑस्लोहून तिचा भाचा आला, आणि त्याने रेडिओवाल्याला बोलावलं. कार्यक्रमात बोलतो तोच हा माणूस. मी नऊ कॅसेट क्रमाने लावून दिल्या. दोन माझ्याकडे होत्या, अकरावी लेबल लिहायला आणि पहिली पुन्हा ऐकायला आणलेली. त्याने एक लावली, तीन-चार मिनिटं ऐकली.

"हे मध्ये कोण बोलतंय?"

"मी," मी म्हटलं. "सॉरी."

या एका शब्दाचा मला आजही संताप येतो. तो म्हणाला, आवाज संपलेला आहे आणि त्यावर कोणीतरी बोलतंय, याचा उपयोग नाही. तिन्ही रेकॉर्ड मात्र तो काखेत घेऊन गेला. कॅसेट मला द्या, असं मी भाच्याला सांगितलं. "ग्रँड, उद्या आणून देतो," तो म्हणाला. इथे 'ठीक आहे' म्हणायचं तर 'ग्रँड' म्हणतात, आणि हा शब्द इथे आलेले सगळे दोन दिवसांत उचलतात. दुसऱ्या दिवशी दारात स्किप उभा होता, म्हणजे घरातली अडगळ टाकायचा मोठा लोखंडी हौद. रात्रभर पाऊस झाला होता. पडद्यांच्या आणि गादीच्या खाली माझ्या अक्षरातलं एक लेबल दिसलं. मी कडेला धरून पाय वर टाकत होते, तेवढ्यात मामाने हात धरून मागे ओढलं. "आई, लोक बघतायत. मी संध्याकाळी काढून देतो." संध्याकाळपर्यंत ट्रक स्किप घेऊन गेला होता. मामाशी मी चार दिवस बोलले नाही.

म्हणजे त्या निवेदकाने तिचं म्हातारपणीचं गाणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी तो सांगतो, तिने गाणं सोडलं. मी रेडिओला पत्र लिहिलं, स्वच्छ इंग्रजीत, दोन पानी. आभाराची एक ओळ आली.

परवा मामाने विचारलं की माझ्याकडच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन त्यातला माझा आवाज काढून टाकू का, मग रेडिओवाले घेतील. त्याला चूक दुरुस्त करायची होती, मला कळतं. मी नाही म्हटलं. जशा आहेत तशा घे, एक प्रत पुण्याला पाठव.

दोन कॅसेट उरल्या आहेत, पहिली आणि अकरावी. दोन्ही चालतात. पहिलीत माझा "वा" एकदा येतो, अकरावीत तीनदा. अकराही कॅसेटची यादी माझ्या वहीत आहे.