साहेबांच्या झाडावरचा जॉन

जिवंत माणसांशी इतका तुसडा आणि मेलेल्यांशी इतका लाघवी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मस्कतला ज्या सर्वेक्षण कंपनीत मी हिशेबनीस होतो, तिथले हे आमचे साहेब. त्यांना इंग्रज म्हटलेलं खपत नसे. ते आयल ऑफ मॅनचे, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातल्या एका बेटाचे. तिथल्या मांजरांना म्हणे शेपूट नसतं. ती सगळी शेपटं साहेबांच्या वंशावळीला जोडली असावीत, असा माझा कयास होता.

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या त्यांच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कुणी जेवल्याचं ऐकिवात नाही. तिथे त्यांच्या आत्याने काढलेला वंशवृक्ष कायम पसरलेला असे, कोपऱ्यांवर मुरंब्याच्या बरण्या ठेवून. शुक्रवारी मला चहाला बोलावत आणि कप मांडीवर धरायला लावत, कारण झाडावर चहा सांडला तर पूर्वज वाहून जातील. नावं ठेवताना या बेटकऱ्यांनी भलतीच काटकसर केली होती. जॉन आणि विल्यम सोडून तिसरं नाव शोधायला भिंग लागे. त्यातला एक जॉन मात्र बड्या जमीनदाराचा मुलगा, आणि साहेबांचा सगळा तोरा त्याच्यावर उभा. रजा मागायला गेलं तरी ते जॉनच्या कुरणांवर घसरत, आणि माणूस रजा विसरून परत येई.

एकदा त्यांनी माझे पूर्वज विचारले. मी श्राद्धात लागतात तेवढे सांगितले: वडील, आजोबा, पणजोबा. त्यावर त्यांनी असं पाहिलं, जणू मी रस्त्यात सापडलो होतो. याचं उट्टं काढलं आमच्या अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाने. रुस्ताक गावातल्या त्याच्या घरी कहवा पिताना तो बापापासून सुरू झाला आणि बिन, बिन करत, म्हणजे अमक्याचा मुलगा तमका असं म्हणत, ताटलीतले खजूर संपेपर्यंत थांबला नाही. साहेबांनी पुरावा विचारला. अर्बाब शांतपणे म्हणाला, "वडिलांनी सांगितलं."

मग साहेब ईर्षेने पुराव्यांच्या मागे लागले. बेटावरच्या चर्चच्या जुन्या नोंदी तेव्हा इंटरनेटवर बघायला मिळत होत्या. एका शुक्रवारी गेलो, तर बरण्या खाली आणि झाड गुंडाळलेलं. जमीनदाराचा जॉन दोन वर्षांचा असतानाच पुरल्याची नोंद सापडली होती. साहेबांचा खरा पूर्वज त्याच गावातला दुसरा जॉन, एका मासेमाराचा मुलगा. आत्याने त्याला उचलून जमीनदाराच्या घरात बसवला होता. इतकी वर्षं ओमानात राहून साहेबांना एकच अरबी शब्द धड येत असे, तो ते म्हणाले. "खलास."

पुढच्या शुक्रवारी मी मनातल्या मनात हसायची तयारी करूनच गेलो. झाड पुन्हा पसरलेलं होतं. मासेमाराचा जॉन आपल्या जागी आला होता, पण कडेला तो लहानगा जॉनही होता, कुठल्याच रेघेला न जोडलेला. नात्यात नसलेल्याला ठेवलाय कशाला, असं मी विचारलं.

"इतकी वर्षं त्याला पूर्वज म्हणालो," साहेब म्हणाले, "आता काढून कसा टाकू? त्याची आठवण काढणारं दुसरं कुणी नाही."

मग झाडाच्या शेवटच्या फांदीवर बोट ठेवून, जिथे त्यांचं एकट्याचं नाव होतं आणि पुढे काहीच नव्हतं, त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या श्राद्धात अशांसाठी काही असतं का?"

असतं. तर्पणात एक ओंजळ, ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी सोडतात. ते ऐकून त्यांनी मला पहिल्यांदाच कप टेबलावर ठेवू दिला.

साहेब निवृत्त होऊन बेटावर गेले आणि वर्षाच्या आत वारले. अर्बाबने सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतका छळवादी माणूस इतका आपला कधी झाला होता कोण जाणे. आता पितृपक्षात ती शेवटची ओंजळ सोडताना मी जॉनचं नाव घेतो. साहेबांचंही नाव जॉनच होतं, त्यामुळे एका नावात दोघांचं भागतं.