आधी भिनू दे

‘भिनणे’ हा शब्द माझ्या माहेरी, साताऱ्याला, वाईट गोष्टींपुरताच होता. विष भिनतं, थंडी हाडांत भिनते. ग्वाल्हेरला सून म्हणून आले, तर सासूबाई तो खुशाल स्वयंपाकघरात वापरत. चैत्रात आंब्याची डाळ कालवली की म्हणायच्या, "घाई नको सूनबाई, कैरी भिनून जाऊ दे, मग परोस." परोस म्हणे! मी मनातल्या मनात नाक मुरडायची.

मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांमागोमाग आमच्या गल्लीतली निम्मी मराठी बिऱ्हाडंही गेली. यांचीही बदली झाली, पण तिथे घर मिळेना. वडिलांचं पत्र आलं, ‘जागा मिळेपर्यंत इकडे ये.’ मला तेच हवं होतं. सासूबाई एकट्या पडणार हे दिसत होतं, पण मी तो विषय काढत नव्हते. त्या एवढंच म्हणाल्या, "चैत्राचं हळदीकुंकू करून जा."

मी दरवर्षीच्या मापानेच डाळ भिजवली. वाटून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. खाणार कोण? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मराठी बायका उरल्या होत्या. पातेल्याकडे बघून मला रडूच आलं.

चार वाजता समोरच्या कापडवाल्याची बायको आली, मागे तिच्या तीन जावा. मग मागच्या गल्लीतल्या आल्या. या दरवर्षी येतच होत्या. मीच शहाणी, मोजताना त्यांना धरलंच नव्हतं. भिजवलेले हरभरे न्यायला त्यांनी घरून रुमाल आणले होते. एकीने तर न सांगता गौरीपुढच्या निरांजनात तूप घातलं.

कापडवालीने डाळ चाखली आणि तोंड वाकडं केलं. "बहू, जल्दी कर दी. अभी भिनी नहीं." सासूबाईंचा शब्द हिच्या तोंडी! "अगले साल मैं आऊँगी, साथ में बनाएँगे."

"हाँ, जल्दी आना," मी म्हणाले.

सासूबाई हातातलं पन्हं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय कबूल करून बसले ते. वाईट मात्र मुळीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांना लिहिलं, ‘भोपाळला घर मिळेपर्यंत मी इथेच राहते, मिळालं की आम्ही दोघी जाऊ. चैत्रात मात्र इकडेच येऊ.’ पत्र टाकायला सासूबाई स्वतः गेल्या. माझा विचार बदलायच्या आत, भर उन्हात, चपला घालायचंही विसरून.