कॉम्प्रेसरचे चार नवे स्क्रू

मंडळी, आज सकाळी रेवसच्या धक्क्यावर गिटारचा एक जुना कॉम्प्रेसर पेडल बघून आलो. हळू आणि जोरात वाजवलेले सूर हा एका पातळीवर आणतो.

विकणारा म्हणाला, "दादा, लावल्याचं कळत न्हाय, हीच चांगल्या कॉम्प्रेसरची खूण."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कळतच नाही, तर चालू आहे की बंद, हे मी ओळखायचं कसं?

पेडल उलटा केला. कडांना गंज, पण खालचे चारही स्क्रू नवेकोरे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दाराची कडीसुद्धा पावसाळाभर टिकत नाही. म्हणजे हा कोणीतरी उघडून दुरुस्त केलाय.

"उघडला व्हता काय?"

"न्हाय ओ. स्क्रू गंजले म्हणून बदलले."

मला काही पटलं नाही. तसाच मुरुडला परत आलो.

घरी माझा गिटारचा जुना अ‍ॅम्प समोरच होता. गेल्या आठवड्यात याच ग्रुपवर विकायला टाकलाय तोच. मागचे सगळे स्क्रू चकचकीत. मीच बदललेत, गंजले होते म्हणून.

तरीच म्हटलं, अजून एकाचाही मेसेज कसा नाही. खरं सांगा, तुम्हीपण फोटोत स्क्रूच बघितलेत ना?