दुपट्ट्याखालचा सौदा

चिखलीच्या बैलबाजारावरून एसटी जाते तेव्हा खिडकीतून तंबाखूचा आणि गुरांच्या अंगाचा वास येतो आणि मला बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा आठवतो. बाबा त्याच बाजारात बैलांचे दलाल होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या सुमारास ते माणसं विसरू लागले आणि अंगावर धावू लागले. चोर समजून त्यांनी आईला बैल हाकायच्या पराणीने मारलं, तेव्हा मी आणि दादा त्यांना दूरच्या वेड्यांच्या इस्पितळात घेऊन गेलो. दादा डॉक्टरांकडे गेला होता. फिनेलचा वास येणाऱ्या व्हरांड्यात बाबांनी इस्पितळाच्या शिपायाचा हात झटकला आणि माझ्याकडे वळले. आता मारतात म्हणून मी डोळे मिटले, तर त्यांनी माझा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि आत माझी बोटं दाबू लागले. बैलाचा भाव असाच झाकून, बोटांच्या खुणांनी ठरतो एवढं मला माहीत होतं, पण बायका बाजारात जात नसत, ती बोटं मला कोण शिकवणार? "बोला, हाये का मंजूर तुमाले?" मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. घाबरून मी हो म्हटलं. "मंग पक्कं. आता फिरू नका," म्हणाले आणि मुकाट्याने शिपायाबरोबर आत गेले. परतताना दादाने विचारलं, कोणती बोटं दाबली? मला आठवेना. बाबा पुन्हा घरी आले नाहीत. अजूनही एसटीत पदराखाली मी माझीच बोटं दाबून पाहते, पण त्या दिवशी मी कशाला हो म्हटलं, ते काही केल्या उमगत नाही.